जिथं कोणी चहा देणार नाही

निळं औषध उकळायला लागलं की आधी बारीक खुदखुद व्हायची आणि मग चिमट्यात धरलेली काचेची नळी थरथरायची. नळीचं तोंड भिंतीकडे धरायचं, माणसाकडे धरायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि मी सगळ्याच सूचना जिवाच्या कराराने पाळणारी मुलगी होते, त्यामुळे आसपास कोणी नसलं तरी मी भिंतीला अगदी चिकटून बसत असे. जागा म्हणजे जोमाबाबांच्या घराचा मागचा ओटा. एरवी तिथं मासे साफ व्हायचे. स्पिरिटच्या दिव्याचा आणि सुकटीचा असा एक मिळून वास तिथं असायचा, आणि शेजारचं मांजर त्या वासावर रोज यायचं, नळीत काय शिजतंय ते बघायचं आणि निराश होऊन निघून जायचं. चमचाभर निळं औषध, त्यात बाबांच्या लघवीचे आठ थेंब, उकळी, आणि मग थंड झाल्यावर रंग बघायचा. निळाच राहिला तर साखर नाही. पोपटी झाला तर थोडी. मग हळदी, मग नारिंगी, आणि सगळ्यात वाईट म्हणजे विटकरी. परीक्षानळी मी त्याआधी फक्त विज्ञानाच्या पुस्तकातल्या चित्रात पाहिली होती. आठवीनंतर शाळा सुटली तेव्हा तिची आणि माझी पुन्हा गाठ पडेल असं वाटलं नव्हतं. इथं मात्र मी रोज एक प्रयोग करत होते आणि त्याच्या निकालाची चार माणसं वाट बघत होती. माझं शिक्षण तिथं थोडं पुढं सरकलं म्हणायला हरकत नाही.

मी बीडकडची. आमच्या गावात शाळा आठवीपर्यंत, नववी तालुक्याला, आणि तालुक्याला जायला सकाळची एसटी नव्हती, म्हणून तो विषय संपला. कोणी रडलं नाही, मीही नाही. अक्का, म्हणजे माझी मोठी बहीण, लग्न होऊन पनवेलला आली होती. दाजी कळंबोलीच्या लोखंड बाजारात कामाला होते. अक्काला दिवस गेले, आईला म्हशी आणि म्हातारी आजी सोडून येता येईना, म्हणून मला ज्वारीच्या पोत्यासकट एसटीत बसवून दिलं. अक्का-दाजी पनवेलला चिकटलेल्या एका गावात, जोमाबाबांच्या घरामागच्या चार खोल्यांपैकी एका खोलीत भाड्यानं राहत. मुलगा झाला. बाळ पालथं पडायला लागलं, बसायला लागलं, रांगायला लागलं, आणि ते जसजसं पुढं जाईल तसतसं माझं तिथं असण्याचं कारण मागं पडायला लागलं. गावाकडं माझ्यासाठी स्थळं बघत होते. मला लग्नाची भीती वाटायची, परत जायची भीती वाटायची आणि त्या एका खोलीत तिसरं ताट मांडताना दाजींच्या चेहऱ्याचीही भीती वाटायची. ते बिचारे काही बोलत नसत, पण न बोलणाऱ्या माणसाची मला जास्तच भीती. बाळ भिंतीला धरून उभं राहिलं त्या दिवशी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, पण मला आतून घाम फुटला होता.

मला वाचवलं ते भाकरीनं. जोमाबाबा म्हणजे घरमालक, पासष्टीचे, अंगानं दांडगे. एकेकाळी भातशेती आणि मिठागरात वाटा असलेले. जमीन सगळी नव्या कॉलनीसाठी सरकारनं घेतली आणि काम गेल्यावर बाबा नुसते बसून राहिले. त्या बसण्यातच कधीतरी साखर निघाली आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं की साखर आटोक्यात आल्याशिवाय मी डोळ्याला हात लावणार नाही, जखम चिघळली तर आहे तेवढंही जाईल. मग घरच्या डॉक्टरांनी एक यादी दिली. गोळी चालू ठेवायची, पण नुसत्या गोळीनं भागणार नाही. भात वाटीभर, तांदळाच्या भाकऱ्या बंद, ज्वारीची एक भाकरी, पालेभाजी, मासा चालेल पण तळलेला नाही, गूळ-साखर नाही, आणि रोज चालायचं. कुंदावहिनी, बाबांची सून, हाताला चटका न लागता पाच मिनिटांत तांदळाच्या चार भाकऱ्या फुलवणारी बाई. पण ज्वारीच्या पिठानं तिला दाद दिली नाही. उकड काढून पाहिली, गार पाण्यात मळून पाहिलं. भाकरी तव्यावर गेली की तिचे तीन तुकडे व्हायचे आणि ते तीन दिशांना जायचे. शेवटी एका संध्याकाळी ती पिठाची परात घेऊन आमच्या दारात उभी राहिली.

"गो घाटावरची, तुमी यो कसा थापता? माझ्याकरं त राहातच नाय."

मी थापून दाखवली. अक्का म्हणाली, "हिला रोज पाठवते." अक्कानं ते किती पटकन म्हटलं ते माझ्या लक्षात राहिलं.

पहिली भाकरी बाबांच्या ताटात ठेवली तेव्हा त्यांनी ती बोटांनी चाचपली, वास घेतला आणि विचारलं, "ही खायाची का भिताराला लावाची?" घरातले सगळे हसले. मला ते खरंच वाटलं आणि मी चुलीकडं तोंड फिरवलं. बाबांनी चार घास खाल्ले. "कालवन चांगला हाय," म्हणाले. दुसऱ्या दिवशीही तेच. आठवड्यानं म्हणाले, "आज जारी झाली." कुंदावहिनीनं माझ्याकडं सहानुभूतीनं पाहिलं. मी मात्र मनातून सुखावले. जाड आणि पातळ यातला फरक कळायला लागला म्हणजे त्यांच्या तोंडात ज्वारी बसत होती, आणि त्यांच्या तोंडात ज्वारी बसली म्हणजे मी पनवेलमध्ये बसले.

बाबांना डोळे कशासाठी हवे होते हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण ते रोज सांगायचे. पेपर त्यांना वाचता येत नव्हता, देवदर्शनाची फार ओढ नव्हती, नातवंडं आवाजावरून ओळखू येत. त्यांना मासा बघायचा होता. पनवेलच्या बाजारात म्हणे मासेवाल्या बाया जोमाबाबांना लांबून येताना बघूनच टोपलीवर फडकं ओढायच्या, कारण ते कल्ला उघडून बघायचे, डोळा दाबायचे आणि शिळा असेल तर चारचौघात सांगायचे. आता बाजार कुंदावहिनी करत होती आणि ताटात काय पडतंय ते बाबांना कळत नव्हतं. एका रविवारी पाहुणे होते. वहिनीला जिताडा मिळाला नाही, म्हणून तिनं दुसराच कुठलातरी मासा आणला. बाबांनी पहिला घास घेतला आणि पाहुण्यांना म्हणाले, "जितारा हाय. खारीचा. घ्या, घ्या." कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या घासाला बाबांचं तोंड चावता चावता थांबलं. मग त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि उरलेला मासा मुकाट्यानं संपवला. संध्याकाळी जेवायला उठले नाहीत. मी भाकरी परत नेताना ते अंधुक उजेडाकडं तोंड करून बसले होते. "बाय," म्हणाले, "चार मानसांत मना कोनी सांगितला नाय." मी म्हणाले, "मला माशातलं काही कळत नाही, बाबा." ते खरं होतं, म्हणून मला बरं वाटलं. पण फार बरं वाटलं नाही.

तर चालणं. बाबांना एकट्याला रस्ता दिसत नव्हता, म्हणून मी हात धरून बरोबर जायचं ठरलं. डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती: चालताना चक्कर आली, घाम फुटला, हात थरथरले तर लगेच काहीतरी गोड द्यायचं. म्हणून मी ओढणीच्या गाठीत दोन लिमलेटच्या गोळ्या बांधून निघायचे आणि बाबांनी नाक जरी पुसलं तरी विचारायचे, "चक्कर येते का?" ते म्हणायचे, "तू इचारलास का येते."

आता अडचण अशी होती की त्या गावात नुसतं चालत कोणी नसे. चालणारा माणूस कुठंतरी जात असतो. शेतावर जातो, बाजारात जातो, कोणाच्या घरी जातो. पहिल्याच दिवशी पन्नास पावलांवर कोणीतरी ओट्यावरून विचारलं, "जोमादादा, कुटं?" बाबा थांबले. "चालतो" असं सांगितलं असतं तर समोरच्यानं पुन्हा "पन कुटं?" विचारलं असतं, आणि ह्या प्रश्नाला उत्तर नसणं हे बाबांना लाजिरवाणं वाटलं. "तुज्याकरंच," ते म्हणाले. आम्ही आत गेलो. चहा आला. दुसऱ्या दिवशी पुढच्या घरच्यांनी विचारलं की काल त्यांच्याकडं गेलात, आमच्याकडं नाही. म्हणून तिकडं गेलो. असं करत करत रस्ता ठरून गेला. आधी बाबांची चुलतबहीण पादीआत्या, मग हसुरामकाका, मग देवळामागं चांगूमामा. एखाद्या घरी चहा नको म्हटलं की त्या घराशी मागचं कुठलंतरी भांडण अजून मिटलेलं नाही असा त्याचा अर्थ निघे; आणि बाबांची भांडणं भरपूर होती, त्यामुळे त्यांना सगळीकडेच चहा घ्यावा लागे. पहिल्या एक-दोन घरी ते म्हणाले, "मना बिनसाखरेचा दे." पादीआत्या म्हणाली, "कां? माज्या घरात साखर नाय का?" तो विषय तिथंच मिटला. पुढं ते "अर्धा दे" एवढंच म्हणायला लागले. मला मात्र भरून कप मिळायचा. मी तेव्हा खूप कृतज्ञ असायचे.

फिरून येऊन न्याहारी केली की दोन तासांनी मी नळी उकळायचे. चालायला लागल्यावर चारच दिवसांत हळदीचा नारिंगी झाला, आणि आठव्या दिवशी स्वच्छ विटकरी. नव्या कौलासारखा. मी घाबरत बाबांना सांगितलं. बाबा खूश झाले.

"बघ," म्हणाले. "अंगातली निघाली भायेर. चालला का साखर निघते."

आम्हाला सगळ्यांनाच ते पटलं. साखर लघवीतून बाहेर पडतेय म्हणजे आत कमी होत असणार. मोरी तुंबली असली की आधी घाण बाहेर येतेच. कुंदावहिनीनं कॅलेंडरवर त्या तारखेखाली 'विटकरी' लिहिलं आणि खाली एक बारीकशी रेघ ओढली, आनंदाची. पंधरा दिवस आम्ही विटकरीत होतो. अजून जोर लावायचा म्हणून बाबांनी आणखी दोन घरं वाढवली.

डॉक्टरांनी कॅलेंडरचं पान पाहिलं आणि गोंधळ निस्तरला. विटकरी म्हणजे वाईटच, बाहेर पडते कारण आत मावत नाही, असं त्यांनी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "चालता?" बाबा म्हणाले, "रोज. दीड तास." डॉक्टर बराच वेळ पेन हलवत बसले. "मग अजून वाढवा," म्हणाले. बाबांनी मान डोलावली. त्या महिन्यात आम्ही सात घरांपर्यंत गेलो.

आज मी साठीला आले आहे आणि माझीही साखर निघाली आहे, चारचौघांसारखी. माझ्याकडं एक लहानसं यंत्र आहे, बोटाला टोचायचं, थेंब लावायचा, आकडा येतो. मुलगा म्हणतो, किती सोपं झालं. झालं आहे. पण मला अजून आकड्यानं भीती वाटत नाही आणि धीरही येत नाही. मी तो आकडा मनातल्या मनात रंगात बदलते, मग मला कळतं. मागच्या महिन्यात नातेवाइकांकडं तीन दिवस राहून आले तर नारिंगी होती. कुठून आली हे विचारायची मला गरज पडली नाही.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडं गेलो तेव्हा बाबांना दरवाजाची चौकटही दिसली नाही, खांदा आपटला. डॉक्टरांनी पान पाहिलं: विटकरी, विटकरी, नारिंगी, विटकरी. ते म्हणाले, असंच राहिलं तर सुई सुरू करावी लागेल आणि डोळ्यांचं यंदा विसरा. मग त्यांचं लक्ष माझ्याकडं गेलं.

"तू असतेस ना यांच्याबरोबर? मला रस्ता सांग बरं. कुठून कुठे जाता?"

मला रस्ता पाठ होता. परमुलखातल्या मुलीला एवढी घरं माहीत आहेत याचा मला थोडा अभिमानही होता. "आधी पादीआत्याच्या घरी," मी म्हणाले. "मग हसुरामकाकांच्या. मग देवळामागं चांगूमामांकडं. मग..."

"घरी म्हणजे, घरावरून?"

"नाही, घरात."

"घरात जाऊन काय करता?"

"बसतो."

"बसून?"

मी बाबांकडं पाहिलं. बाबा भिंतीवरच्या तक्त्याकडं बघत होते, जो त्यांना दिसणं शक्य नव्हतं. तेवढ्या वेळात माझ्या डोळ्यांपुढं पुष्कळ गोष्टी येऊन गेल्या. सांगितलं तर बाबा मला ठेवणार नाहीत, आणि नाही सांगितलं तर ते आयुष्यभर ताटातला मासा ओळखणार नाहीत. त्या रविवारचं त्यांचं थांबलेलं तोंड मला आठवलं.

"चहा पितो," मी म्हणाले.

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. "साखरेचा?"

दुसरा कुठला त्या घरांत मिळतच नव्हता. "हो."

"किती घरं?"

"सात."

"अर्धा अर्धा," बाबा म्हणाले.

"आणि चहाबरोबर?"

"चांगूमामांकडं बटर असतो," मी म्हणाले. एकदा सुरू झाल्यावर मला थांबता येत नाही.

घरी आल्यावर मी आमच्या खोलीत गेले आणि माझे दोन ड्रेस घडी करून पिशवीत भरले. कंगवा वर ठेवला, तो शेवटी लागतो. मग पिशवी मांडीवर घेऊन बसले. अर्ध्या तासानं कुंदावहिनीची हाक आली, "द्वारके, पीठ मललास का?" मी गेले. ती वाल सोलत बसली होती. "सात घरं," ती म्हणाली. वालाचे दोन दाणे टाकले. "पादीआत्याकरं पन? ती मना दारात उबी करत नाय आनि तुमी तिच्याकरं रोज च्या पिताव?" त्यापलीकडं ती मला काही बोलली नाही. मी पिशवी रात्री तशीच उशाला ठेवली, पण भाकरी नेहमीसारखी थापली.

दुसऱ्या दिवशी प्रश्न असा उभा राहिला की चालायचं कुठं. बाबा आणि वहिनी ओट्यावर बसून एकेक दिशा काढत होते. गावात सगळे नातेवाईक. बाजाराच्या बाजूला वहिनीचं माहेर. हायवेला कर्नाळ्याच्या अंगानं जावं तर तिथं बाबांच्या भाच्याचीच चहाची टपरी. पलीकडच्या गावात व्याही. "पनवेलात च्या मिलनार नाय असा रस्ताच नाय," वहिनी म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "एक हाय."

बाबांना कळलं ती कुठला म्हणते ते. "तिकरं मी नाय जायाचा," ते म्हणाले आणि आत गेले.

तिकडं म्हणजे कॉलनीच्या बाजूला, त्यांच्या स्वतःच्या जमिनीवर. मोजणीचे दगड रोवले त्या दिवसापासून बाबांनी त्या दिशेला पाऊल टाकलेलं नव्हतं. भूमापकाच्या साखळीवर उभे राहिले होते म्हणे, मग कोणीतरी हात धरून बाजूला केलं. जमीन गेली, त्यावर रस्ते आखले गेले, खांब उभे राहिले, पण घरं अजून व्हायची होती. त्या सगळ्या माळावर त्यांना चहा विचारील असा एकही माणूस नव्हता.

दोन दिवस बाबा बाहेरच पडले नाहीत. दोन्ही दिवस विटकरी. तिसऱ्या दिवशी मी भाकरीचं पीठ चाळत होते तर काठी टेकल्याचा आवाज आला.

"चल."

"कुठं, बाबा?"

"जितं कोन च्या देनार नाय तितं."

तो रस्ता रुंद होता आणि त्याच्यावर कोणीच नव्हतं. दोन्ही बाजूंना खांब, खांबांवर दिवे नाहीत. गवतातून डोकं काढलेले दगड, त्यावर लाल रंगात आकडे. खाडीकडून खारट वारा येत होता. बाबा पहिल्या दगडाशी थांबले आणि विचारलं, "म्होर काय हाय?" मी सांगितलं, रस्ता आहे, डावीकडं गटार आहे, बिनझाकणाचं. "गटार नाय ता," ते म्हणाले. "तितं उघारी होती. भरतीचा पानी तितून आत सोरायचो." मग त्यांनी चालायला सुरुवात केली. त्यांचं चालणं वेगळंच होतं. गावात ते माझ्या हाताला लटकून चालायचे; इथं हात त्यांचा होता आणि मी मागून ओढली जात होते. "आता खारपाटी लागली," ते म्हणाले. थोड्या वेळानं, "ही आंब्याखालची." मी आंबा शोधला, तिथं विजेचा लोखंडी डबा होता. ब्याऐंशी पावलं झाल्यावर ते स्वतःच डावीकडं वळले आणि पाय गवतात गेला, कारण रस्ता सरळ जात होता. बाबा तिथंच थांबले. "रस्ता वाकरा कारलाय," ते म्हणाले. "बांध इतून फिरत होता."

आम्ही रोज जायला लागलो. मला सगळे तुकडे पाठ झाले: खारपाटी, आंब्याखालची, वरची, म्हातारीचा तुकडा. म्हातारीचा तुकडा म्हणजे बाबांच्या आजीला आंदण मिळालेला, सगळ्यात चिखलाचा आणि सगळ्यात जास्त भात देणारा. मला तिथं काहीच दिसत नव्हतं आणि बाबांना तर दिसणं शक्यच नव्हतं, पण आम्ही दोघं ते सगळं हिंडून यायचो. तीन आठवड्यांनी नारिंगी, मग हळदी. वहिनीनं कॅलेंडरवर लिहिताना ह्या वेळी रेघ ओढली नाही, तिचा रेघेवरचा विश्वास उडाला होता. ओढणीतल्या लिमलेटच्या गोळ्या उन्हानं एकमेकींना चिकटून एक झाल्या.

एकदा तिथं एक चौकीदार भेटला. बाहेरच्या प्रांतातला माणूस, नवीन लागलेला. विटांच्या चुलीवर त्याचं भांडं ठेवलेलं होतं. म्हाताऱ्या माणसाला रोज येताना बघून त्याला माया आली असावी. "आओ बाबूजी, चाय पियो," म्हणाला. आलं घातलेल्या चहाचा वास येत होता. बाबा थांबले, वास घेतला, आणि मान हलवून म्हणाले, "नको." वीस-तीस पावलं पुढं गेल्यावर म्हणाले, "माज्या शेतात मना च्या इचारतो." त्यांच्या आयुष्यातला तो पहिला नाकारलेला चहा असावा, आणि तोही ज्याच्याशी काहीच भांडण नव्हतं अशा माणसाचा.

हळदीचा पोपटी झाला आणि एका सकाळी नळी उकळून थंड झाली तरी निळीच राहिली. मला वाटलं थेंब घालायचे राहिले. मी पुन्हा केलं. पुन्हा निळी. मी आत जाऊन सांगितलं, "बाबा, निळा." ते म्हणाले, "बरा." एवढंच. असे निळे-पोपटी दिवस डॉक्टरांना दाखवले, त्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली, आणि एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. आधी पट्टी, मग हिरवा कपडा, मग महिन्या-दीड महिन्यानं जाड भिंगाचा चष्मा. चष्मा आला त्या दिवशी बाबा स्वतः बाजारात गेले. कुंदावहिनी बरोबर होती. ती सांगत होती, पहिल्या टोपलीवर फडकं पडलं तेव्हा बाबा हसले.

मी पिशवी पुन्हा भरली. बाळ आता धावत होतं, बाबांना दिसत होतं, आणि अक्काचं गावाकडं पत्र गेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी काठीचा आवाज आला. "चल," बाबा म्हणाले. "आज मी दाखवतो तुला."

पहिल्या दगडाशी ते थांबले. चष्मा सारखा केला आणि बघत राहिले. रस्ता काळा आणि सरळ, लांब कुठंतरी एका इमारतीचे खांब वर आलेले. "खारपाटी कुटं?" त्यांनी विचारलं. मी बोट केलं: त्या तिसऱ्या खांबापासून त्या डब्यापर्यंत. ते माझ्या बोटाकडं बघत होते, मग बोटाच्या पुढं. "आनि म्हातारीचा तुकरा?" तो मी दाखवला. तिथं खडीचा ढीग होता. त्यांनी खडीच्या ढिगाकडं पाहिलं, डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. मग त्यांनी चष्मा काढला, त्याची घडी केली, तो सदऱ्याच्या खिशात ठेवला, डोळे मिटले आणि हात पुढं केला. मी तो धरला. आम्ही निघालो. ब्याऐंशी पावलांवर ते डावीकडं वळले. ह्या वेळी मीही त्यांच्याबरोबर गवतात वळले.

घरी आल्यावर वहिनीनं विचारलं, "काय दिसला, बाबा?"

"रस्ता," बाबा म्हणाले. ओट्यावर बसले, पाय पुसले. "हिला इतक्यात गावाला धारू नको. मना एकट्याला जमत नाय."

"आता त डोले आले ना?"

"डोले आले. जागा हिला म्हाईत हाय."

वहिनी आमच्या खोलीकडं गेली, अक्काशी बोलायला. मी मागच्या ओट्यावर जाऊन न्याहारीनंतरचे दोन तास कसेबसे काढले, मग दिवा लावला, नळीचं तोंड भिंतीकडं धरलं. उकळी आली, थंड झालं, आणि रंग निळा राहिला. ह्या वेळी मी नुसतं सांगितलं नाही, नळी बाबांच्या हातात नेऊन दिली. त्यांनी ती चष्म्याजवळ धरली, उजेडाकडं केली, हलवून पाहिली.

"यालाच निला बोलत होतीस इतके दिवस?" ते म्हणाले. "मना वाटला, मना बरा वाटावा म्हनून सांगतंस."